सांगलीच्या उपनगरांत राहायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून मुलांच्या शिक्षणासाठी, कुपवाड एमआयडीसीतल्या नोकरीसाठी, किंवा पुण्या-मुंबईतून निवृत्त होऊन गावाजवळ राहावं म्हणून, अशी माणसं सांगलीच्या उपनगरांत सतत येत असतात. विश्रामबाग, विजयनगर, वारणाली, शामरावनगर, संजयनगर, धामणी रोड, कुपवाड, माधवनगर. येणारे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. इथल्या बहुतेक अडचणी दोनच गोष्टींतून उगवतात असं माझं मत आहे: पाणी आणि कागद. त्या दोन विषयांवर सविस्तर लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

माझं घर महापालिकेत येतं की ग्रामपंचायतीत, हे कसं कळणार?

रस्त्यावरून जाताना कळत नाही. घरं सलग आहेत, दुकानं सलग आहेत, हद्द मात्र मधूनच जाते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून ९ फेब्रुवारी १९९८ ला एक महापालिका झाली. नदीपलीकडची सांगलीवाडीही त्यात आहे. पण माधवनगर, बुधगाव, हरिपूर, इनाम धामणी, बामणोली ही गावं शहराला चिकटलेली असूनही त्यांच्या ग्रामपंचायती वेगळ्या आहेत.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे घरपट्टीची पावती. ती कोणाच्या नावाने फाटते ते बघा. नवा प्लॉट असेल आणि पावतीच नसेल, तर सातबाऱ्यावरचं गावाचं नाव आणि गट नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. बांधकाम परवाना, नळजोडणी, कचरा, दिवे, जन्म-मृत्यूचे दाखले हे सगळं यावरच अवलंबून असतं. "लवकरच हद्दवाढ होणार आहे" या बोलीवर महापालिकेचा भाव देऊन ग्रामपंचायतीतला प्लॉट घेऊ नका. हद्दवाढ होईल तेव्हा होईल, तोवर पाणी आणि रस्ता तुम्हाला आजचा लागणार आहे.

"गुंठेवारीचा प्लॉट आहे, पण इथे सगळे तसेच राहतात," असं सांगतात. घ्यावा का?

सगळे राहतात हे खरं आहे. सांगलीचा मोठा भाग असाच वसला. शेतकऱ्याने रान विकलं, मधल्या माणसाने फक्की (चुन्याची पांढरी रेघ) मारून एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडले, स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि घेणाऱ्याने आयुष्याची पुंजी त्यात घातली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साध्या कुटुंबाच्या घराला पुरेसा. मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता म्हणून लोकांनी हे केलं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण आज नव्याने घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. त्यात सुरुवातीला १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड बसत होते, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: नियमितीकरणाचा दाखला आहे का? अर्ज केल्याची पोच दाखवतील, पैसे भरल्याची पावती दाखवतील. ती दोन्ही म्हणजे दाखला नव्हे.

दाखला नसेल तर हे तपासा. जागा विकास आराखड्यातल्या आरक्षणात आहे का, आखलेल्या रस्त्यात जाते का, पूररेषेत येते का. यांतलं एकही "हो" असेल तर भाव कितीही कमी असला तरी सोडून द्या, कारण अशी जागा नियमित होणं फार अवघड असतं. व्यवहार नोटरीवर किंवा नुसत्या कब्जेपट्टीवर करू नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हवं आणि मागच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा, इंडेक्स टू) काढून वाचलेली हवी. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं एकत्र असतील तर तुमच्या वाट्याची जागा नेमकी कुठली, हे कागदावर कुठेच नसतं. एकाने विकलेला तुकडा दुसऱ्या भावाने आपला म्हणून सांगितल्याची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. बँकही अशा जागेवर कर्ज द्यायला सहसा तयार होत नाही. वकिलाला दाखवायची फी प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नसते, ती जरूर खर्च करा.

पूर आमच्या भागात येईल का?

याचं उत्तर उपनगराच्या नावावरून देता येत नाही, गल्लीवरून द्यावं लागतं.

सांगलीत पुराची भाषा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत बोलली जाते. हा पूल १९२९ चा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांत पाण्याने पन्नाशी ओलांडली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं आणि ज्या घरांनी पूर कधी पाहिला नव्हता त्यांच्याही जिन्यांवर पाणी चढलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या बाजूला इशारा पातळीच्या आधीच घरं सोडावी लागतात. विश्रामबाग, वारणाली, कुपवाडची बाजू उंचावर आहे, पण उंच भागातही ओत (सखल घळी) असतात. नाल्याच्या कडेने पाणी उलटं आत शिरतं.

घर बघायला गेलात की भिंतींकडे नीट बघा. रंग नवा असला तरी कंपाउंडच्या आतल्या बाजूला, मीटरच्या पेटीमागे, लाकडी चौकटीच्या खालच्या अंगाला पुराची रेघ राहते. त्या उंचीपर्यंत गिलावा पोपडे धरतो, चौकट फुगलेली असते. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" तो हाताने दाखवतो. एजंट सांगेल त्यापेक्षा त्या हातावर विश्वास ठेवा.

कागदावर बघायचं असेल तर पाटबंधारे विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा नगररचनेच्या नकाशात असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. दोन्हींच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं.

आपला पूर अचानक येत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस, कोयना धरणातून सोडलेलं पाणी, हे कराड, बहे, ताकारी, भिलवडी असं करत इथवर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये या ठिकाणांचे आकडे रोज जाहीर होतात. कराड आणि भिलवडीला पाणी चढतंय म्हटल्यावर आपल्याकडे चढणारच. शिवाय खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. ती तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा धरतं. म्हणून सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी वाढू शकतं. पाऊस थांबला म्हणून निर्धास्त राहणारे नेहमी फसतात. मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे ठेवा. म्हातारी माणसं, बाळंतीण आणि जनावरं आधी हलवा. सामान शेवटी.

नदी लांब आहे. मग दर पावसाळ्यात रस्त्यावर पाणी का साचतं?

शामरावनगर आणि आसपासच्या सखल भागाचं हे जुनं दुखणं आहे. तिथली जमीन काळी. पाणी पिऊन फुगणारी, पण खाली जिरू न देणारी. पूर्वी रानातून ओढे-नाले पाणी घेऊन जायचे. प्लॉट पडले, नाले बुजले, काहींवर घरं आली. आता पाण्याला जायला वाटच नाही. दर वर्षी मुरूम टाकून रस्ता उंच केला की रस्ता कोरडा आणि कडेची घरं खड्ड्यात, असं होतं. मला वाटतं, आधी गटार आणि नाला, मग रस्ता, हा क्रम लोकांनी हट्टाने मागितला पाहिजे. डांबर दिसतं म्हणून ते मागितलं जातं, गटार मात्र कोणी मागत नाही.

घर बांधणार असाल तर काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा हे चांगल्या इंजिनिअरला विचारा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि उथळ पायाच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात.

ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे. चालेल का?

चालवावी लागते, कारण उपनगरांत सगळीकडे लाइन पोचलेली नाही. टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत जिरतं, अशी ती व्यवस्था. काळ्या मातीत ते जिरतच नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा आधीच भरलेला असतो, आणि संडासात पाणी टाकलं की उतरायला वेळ लागतो. मग लोक टाकीचा पाइप गुपचूप उघड्या गटारात सोडतात. वास, डास, आणि त्याच गटारातून गेलेल्या नळाच्या पाइपात घाण. सगळ्या गल्लीला त्याचा त्रास.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या. त्यासाठी सक्शनची गाडी मागवायची. कोणत्याही परिस्थितीत माणूस आत उतरवू नका. टाकीतला वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो आणि त्याला काढायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. "पाचशे जास्त दे, उतरतो" असं कोणी म्हटलं तरी नाही म्हणा. त्याच्याही घरी लेकरं आहेत.

पिण्याच्या पाण्याचं काय?

सांगलीला कृष्णेचं पाणी माळबंगल्यावरच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. नळ कधी येतो, किती वेळ आणि किती जोरात, हे टाकी कुठली आणि तुम्ही लाइनच्या कुठल्या टोकाला आहात त्यावर ठरतं. भाड्याने घर घेताना मालकाला नको, शेजारच्या बाईंना विचारा. पहाटे उठून पाणी भरणाऱ्यालाच खरं ठाऊक असतं.

नळाला थेट मोटर लावू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय मोटर पुढच्या घराचं पाणी ओढते. पाइपला कुठे चीर असेल तर बाहेरचं गटाराचं पाणीही आत खेचलं जातं. गल्लीत एकदम दोन-चार घरांत जुलाब सुरू झाले की पहिला संशय तिथेच घ्या, पाणी उकळून प्या आणि महापालिकेला नमुना तपासायला सांगा.

बोअरच्या पाण्यावर अवलंबून राहणार असाल तर आधी तपासून घ्या. ऊसाला भरमसाठ पाणी देऊन कृष्णाकाठची कितीतरी रानं क्षारपड झाली आहेत, तसंच खाली बोअरलाही खारं पाणी लागतं. धुण्या-भांड्याला चालेल, चहाला नाही.

एक आठवण सगळ्यांसाठी: शेरीनाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं कृष्णेत मिसळत आलं आहे. आपण पाणी पितो त्याच नदीत आपली गटारं जातात. उपनगरातलं ड्रेनेज हा आपल्या पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न आहे.

घर घेतलं. आता कुठे कुठे नाव लावायचं?

चार ठिकाणी: सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टी, पाणीपट्टी, वीजमीटर. खरेदी झाली की नाव आपोआप लागतं असं समजून बसू नका. तलाठ्याकडचा फेरफार मंजूर झाला का हे स्वतः बघा. घरपट्टीची जुनी थकबाकी खरेदीपूर्वीच भरून घ्यायला लावा, कारण ती मालमत्तेवर राहते आणि त्यावर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते.

कचरा?

घंटागाडी येते. ओला, सुका, सॅनिटरी पॅड-डायपर, आणि जुनी औषधं असा घातक कचरा, सगळे वेगवेगळे द्या. काच फुटली तर कागदात गुंडाळून वर लिहा, गाडीवरच्या बायका हाताने वेचतात. रिकाम्या प्लॉटात कचरा टाकायची सवय ही उपनगरांची सगळ्यात वाईट सवय आहे. पहिली पिशवी पडली की आठवड्यात ढीग होतो, मग कुत्री, डुकरं, डेंग्यू. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे कोरडा करा.

दिवा बंद, गटार तुंबलं, तर कोणाला सांगायचं?

तोंडी सांगून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. दिव्याची तक्रार असेल तर खांबाचा नंबर लिहा, गटाराची असेल तर "अमुक यांच्या घरापासून तमुक चौकापर्यंत" असं लिहा. "आमच्या भागात" असं मोघम लिहिलेला अर्ज फायलीत जाऊन बसतो. एकट्याच्या सहीपेक्षा गल्लीतल्या वीस सह्या असतील तर अधिकारी जागेवर येऊन बघतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दाखले, नळजोडणी, मालमत्तेचं हस्तांतर अशा सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात आहेत. प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयात लावलेली असते, मुदत टळली तर अपील करता येतं. रस्त्यासाठी निधी आला आणि रस्ता दिसत नाही, असं असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वीज गेली तर महावितरणचा १९१२. तातडीला पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१.

लेआउटमधली मोकळी जागा कोणाची?

मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती तिथे राहणाऱ्या सगळ्यांची. पण कुंपण नसलं, झाड नसलं, मूल खेळत नसलं की हळूहळू तिथे कोणाची तरी वाळू पडते, मग शेड, मग "आमचीच जागा". मंजूर लेआउटचा नकाशा महापालिकेतून काढून आणा आणि कॉलनीतल्या चार जणांकडे त्याची प्रत ठेवा. वड-पिंपळापेक्षा आधी कडुनिंब, करंज लावा, पाणी कमी लागतं. नेमिनाथनगरच्या कल्पद्रुम क्रीडांगणावर सकाळी जाऊन बघा, एक मैदान राखलं की किती माणसं त्यावर जगतात. आजोबा चालतात, पोरं भरतीसाठी पळतात, बायका योगासनं करतात.

भाड्याने राहणार आहे. काय बघू?

करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. मुलाचा शाळाप्रवेश, गॅस, बँक, सगळीकडे तोच पत्त्याचा पुरावा चालतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यात अपमान वाटून घेऊ नका. विश्रामबागला भाडं जास्त आहे, कारण विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही कॉलेजं तिथे आहेत आणि खोल्या विद्यार्थ्यांना जातात. तीच खोली कुपवाडच्या बाजूला कमी भाड्यात मिळते. जातीचं, धर्माचं नाव काढून घर नाकारणारे भेटतात. मला त्याची लाज वाटते. सगळे तसे नाहीत, आणखी दोन घरं बघा.

शाळा आणि दवाखाना?

खाजगी शाळेत आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं, तेव्हा पत्त्याचा पुरावा आधीच नीट करून ठेवा. जवळच्या महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत एकदा जाऊन वर्ग बघून या. इमारत साधी असली तरी काही ठिकाणी शिकवणं फार मन लावून चालतं.

मोठ्या आजाराला सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय. मिरजेला दवाखान्यांची जुनी परंपरा आहे, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. उसाच्या रानाला लागून घर असेल तर घोणस, नाग निघतात. साप चावला तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय हलू न देता सरळ सिव्हिलला न्या.

बसची सोय आहे का?

सांगली–मिरज मुख्य रस्त्यावर एसटीची शहरी बस आणि वडाप रिक्षा, दोन्ही मिळतात. आतल्या कॉलन्यांत मात्र दुचाकीशिवाय चालत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी घर बघत असाल तर मुख्य रस्त्यापासून चालत किती लांब, हे स्वतः चालून बघा. लांबच्या गाड्यांसाठी मिरज जंक्शन.

आम्ही बाहेरचे. इथली माणसं सामावून घेतात का?

घेतात. उपनगरात जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. शेजारी कन्नड बोलणारं घर असेल, पलीकडे जैन कुटुंब, समोर जतचा मास्तर. पहिल्या आठवड्यात आपणहून जाऊन नाव सांगा. कॉलनीच्या गणपतीची वर्गणी ऐपतीप्रमाणे द्या, पण आरतीला या, कारण गटाराच्या अर्जावरच्या सह्या तिथेच गोळा होतात.

मतदार यादीत नाव इथे आणायचं आहे.

पत्ता बदलला असेल तर नमुना ८, पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर नमुना ६. ऑनलाइन भरता येतो, किंवा मतदान केंद्राच्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) द्या. दोन्ही गावांत नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा भाडेकरार किंवा वीजबिल हातात आल्या आल्या अर्ज करा.